आबाजींच्या खाटेखालचं पाणी

"कडूबा, खाली उतर! उतर म्हणते ना!"

"थांब जरा. पाडाला आलेला एक दिसून राह्यला," आंब्याच्या शेंड्यावरून कडूबाचा आवाज आला.

खाली टोपी पसरून उभ्या असलेल्या मेहबूबनं मात्र द्वारकेचा चेहरा पाहिला. टोपीतल्या कैऱ्या त्यानं हळूच बुंध्याशी ठेवल्या. "अबे कडूबा, उतर खरंच. द्वारकी रडून राह्यली."

"मी नाही रडून राह्यले!" द्वारका म्हणाली, आणि तिला हुंदकाच फुटला.

कडूबा सरसर खाली आला. गुडघा सोलवटला, पण त्यानं तिकडं पाहिलंही नाही. सुट्टी लागल्यापासून या तिघांनी जानेफळातलं एकही झाड, एकही विहीर सोडली नव्हती. त्यात द्वारका सगळ्यांत धीट. ती रडते म्हणजे काहीतरी मोठंच घडलं असणार!

"आबाजीले कडब्याच्या खोलीत टाकणार हायेत," ती म्हणाली. "उद्या सकायी. गोठ्यापाशी!"

"काऊन?"

द्वारकेनं मान खाली घातली. "त्यायच्या खाटेखाली रोज पाणी होते. बाबा म्हणते, आता त्यायचं त्यायले समजत नाही."



आबाजी म्हणजे द्वारकेचे आजोबा, जानरावबुवा. त्यांचं कीर्तन ज्यानं ऐकलं तो माणूस भाग्याचा! बुवा उभे राहिले, कमरेला उपरणं बांधून त्यांनी नुसता 'विठ्ठल' म्हणून स्वर लावला, की पार डोणगावाहून बैलगाड्या जोडून आलेली माणसं डुलायला लागत. बायका हुंदके देत, म्हातारे मांडीवर ताल धरत. पण मागच्या कार्तिकात, ऐन आख्यान रंगात आलेलं असताना, बुवा उभ्याउभ्याच खाली बसले. उजवं अंग गेलं. त्याहून मोठं दुःख म्हणजे वाचा गेली. आता ते बाहेरच्या खोलीत खाटेवर पडून असत. खोलीला दोन खिडक्या. एका खिडकीतून समोरचं मारुतीचं देऊळ दिसे. संध्याकाळी तिथं कुणी टाळ हाती घेतला, की आबाजींचे डोळे चमकत. तेवढंच काय ते त्यांचं सुख उरलं होतं. कडब्याच्या खोलीत ना खिडकी, ना देवळाचा आवाज. वर पत्रे, खाली माती, आणि वैशाखाचं ऊन!

"आपण पाहून तर येऊ," मेहबूब म्हणाला. "रोज म्हणजे कधी होते पाणी?"

"दुपारून."

"दुपारूनच?" कडूबानं डोळे बारीक केले. "रातच्याला नाही? मंग चला!"

किसनराव, म्हणजे द्वारकेचे वडील, घरी नव्हते. पाहुण्या बुवांना आणायला ते फाट्यावर गेले होते. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उद्यावर आली होती आणि आज संध्याकाळपासून देवळात कीर्तनं सुरू होणार होती. आई, विमलबाई, आत सांडगे-पापड डब्यात भरत होत्या.

खोलीत शिरताच गार वारा अंगावर आला. दुसऱ्या खिडकीत कूलर घरघरत होता! साऱ्या गावात हा एकच. किसनरावांनी तो खामगावाहून बनवून आणला होता. पत्र्याची मोठी पेटी, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या आणि मध्ये पंखा. वर भोकं पाडलेली पन्हळ. तिच्यात बादलीनं पाणी ओतायचं. ते ताट्यांवरून ठिबकत खालच्या पत्र्याच्या तबकात जमायचं आणि तिथून रबरी नळीनं बाहेर झेंडूच्या वाफ्यात जायचं. पहिले काही दिवस गावातली माणसं रांगेनं येऊन त्याच्यापुढं तोंड करून उभी राहत. "आभाळातला वारा इकत घेतला गा किसनरावानं!" म्हणत.

आबाजींची खाट मात्र समोरच्या कोपऱ्यात, देवळाच्या खिडकीशी होती. द्वारका त्यांच्या उशाशी बसली. कडूबा सरळ खाटेखाली घुसला.

"हाये!" आतून आवाज आला. "ओलं हाये. फरशीच्या सांधीत पाणी उभं हाये. हे फरशी तर हालते बी!" त्यानं बोटानं ठोकलं. ठक ठक असा पोकळ आवाज आला. नवी कोरी शहाबादी फरशी, आणि कडांना काळी पडत चाललेली!

"वाकळ ओली हाये का पाय," द्वारका म्हणाली. मग तिनं स्वतःच हात फिरवला. वाकळ कोरडी. सतरंजी कोरडी. सुंभसुद्धा कोरडं!

"वरचं सगळं कोरडं, अन् खाली पाणी?" मेहबूब म्हणाला. "हे कसं?"

 खाटेखाली कडूबानं नाक फरशीला टेकवून जोरात श्वास घेतला.

"छी! काय करून राह्यला बे?"

"द्वारके, हे तसलं पाणी नोहे," तो गंभीरपणे म्हणाला. "वाळ्याचा वास येते याले! गार बी हाये."

तिघांनी एकदम कूलरकडं पाहिलं. मग मधल्या फरशीकडं. ती अगदी कोरडी! कूलरखालची भिंतसुद्धा कोरडी, ऑईलपेंटनं चकचकणारी.

"पाणी काय उडत गेलं?" मेहबूब पुटपुटला.

नेमकं तेव्हाच आबाजींनी डावा हात उचलला. बोट खिडकीकडं गेलं. ओठ हलले. "अ... अ..."

"पाणी पाह्यजे आबाजी?" द्वारकेनं तांब्या पुढं केला. त्यांनी मान हलवली. नाही!

"देवळाची खिडकी उघडू?" नाही!

बोट पुन्हा उचललं गेलं, थरथरलं आणि खाली पडलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांच्या कडांना पाणी आलं. द्वारकेला वाटलं, देवानं ज्या तोंडून एवढं गाऊन घेतलं, त्या तोंडाला आता एक शब्द देता येत नाही? एकच! पण असं कुणाला विचारणार?

इतक्यात अंगणात बैलगाडीची घुंगरं वाजली. किसनराव आले होते. द्वारका धावतच बाहेर गेली.

"बाबा, ते पाणी कूलरचं हाये! त्याले वाळ्याचा वास येते!"

किसनरावांनी कपाळावरचा घाम पुसला. माणूस वाईट नव्हता, पण सतत घाईत आणि नव्या वस्तूच्या प्रेमात. "कूलर तिकडं, खाट इकडं," ते म्हणाले. "मधली फरशी कोरडी ठणठणीत. पाणी का उडी मारून गेलं? अन् कूलर गळत नाही. मी सोता तपासून आणला."

"पण आबाजीची वाकळ—"

"द्वारके, मोठ्यायच्या गोष्टीत बोलू नाही. मले काय हौस हाये?" त्यांचा आवाज जरासा चिरकला. "बापाले खोलीतून काढाचं म्हणजे मले बरं वाटते का? पण पाहुणे बुवा घरी जेवाले येणार. नवी फरशी सडून राह्यली. कडब्याच्या खोलीत माती हाये, काही सांडलं तरी मुरते. अन् उद्या कायले? बुवा देवळात उतरले, आज रातच्यालाच जेवाले येतो म्हणते. आत्ताच हलवू. तीन माणसं घेऊन येतो मी."

आणि ते गेलेसुद्धा!

"आत्ताच?" द्वारका पायरीवर बसली. "आता काय करावं?"

 कडूबा नख कुरतडत राहिला. मेहबूब म्हणाला, "आपण खाटेले धरून बसू." पण तिघं पोरं आणि चार बापे! तो स्वतःच वरमला. तिघं पुन्हा खोलीत आबाजींपाशी आले.

तेवढ्यात घरघर थांबली. लाईन गेली होती. खोलीत अचानक शांतता झाली. इतकी, की आबाजींचा श्वास ऐकू येऊ लागला. खाटेच्या लाकडी गातावर त्यांची बोटं वाजत होती. टक... टक... टक टक... टक.

"बिचारे ताल धरून राह्यले," कडूबा म्हणाला.

द्वारकेनं कान टवकारले. लहानपणापासून ती आबाजींच्या मांडीवर बसून टाळ शिकली होती. "हा ताल नाही," ती हळूच म्हणाली. "हा मोडून राह्यला. आबाजीचा ताल कधीच मोडत नाही. गप्प राहा बरं सगळे!"

 आणि मग तिघांनाही ऐकू आलं. भिंतीच्या आतून. टप... टप... टप टप... टप. आबाजींची बोटं थेट त्याच्या बरोबरीनं चालली होती!

"आबाजी! भिंतीत पाणी पडून राह्यलं? हेच सांगत होते ना तुम्ही?"

आबाजींनी डोळे घट्ट मिटले आणि मान हलवली. हो! हो!

पंख्याची घरघर चालू असली की हा आवाज कुणालाच येत नव्हता. पण आयुष्यभर मृदंगाच्या मागं चाललेल्या त्या कानांनी तो लाईन जाई तेव्हा तेव्हा पकडला होता. आणि आपण त्यांना पाणी पाजत होतो!

"मेहबूब, बाहेरून नळी पाय!"

मेहबूब खिडकीबाहेर पळाला. "अरे यार!" त्याचा आवाज आला. "नळी तर वाळून गेली! एक थेंब येत नाही. झेंडूचा वाफा बी सुकला!"

कडूबा कोनाड्यावर पाय देऊन कूलरच्या मागं डोकावला. "खालचं तबक काठोकाठ भरलं. मागच्या कडेवरून पाणी सांडते अन् भिंतीच्या फटीत जाते!"

"तिथून फरशीखाली," द्वारका म्हणाली. "अन् आबाजीची खाट खोलीच्या उतारावर हाये. म्हणून वर येते ते थेट तिथंच! मधे कायले दिसणार? वरून जातच नाही ते!"

"चला, किसनकाकाले सांगू!"

"ते ऐकणार नाहीत. 'उडी मारून गेलं का' म्हणतील. त्यायले डोयानं दिसलं पाह्यजे."

मेहबूबचे डोळे लकाकले. "रंगपंचमीचा रंग! अब्बाच्या दुकानात उरलेल्या पुड्या हायेत. पक्का लाल. माह्या सदऱ्यावरचा अजून नाही गेला!"

तो गेला आणि धापा टाकत परतलासुद्धा. "अब्बानं विचारलं, वैशाखात कायचा रंग? म्हटलं, आबाजीसाठी. तर म्हणे घेऊन जा, पैसे नको." रहेमतुल्लाभाई किराणा दुकानदार. जानरावबुवांचं कीर्तन ते रस्त्यापलीकडच्या आपल्या ओट्यावर बसून ऐकत, एकही चुकवत नसत.

कडूबानं पुडी तबकात रिकामी केली. द्वारकेनं वरच्या पन्हळीत एक बादली ओतली, मग आणखी एक. तबकातलं पाणी डाळिंबासारखं लाल झालं आणि मागच्या कडेवरून फटीत उतरू लागलं.

आणि खाटेखाली?

काहीच नाही.

कडूबा खाटेखाली पालथा पडून पाहत होता. "पांढरंच हाये अजून," तो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा, "पांढरंच हाये." मग त्यानं सांगणंही सोडलं. द्वारकेनं पुन्हा बादली ओतली.  आपलं चुकलं तर? भिंतीतलं पाणी दुसरीकडंच जात असेल तर?

अंगणात पावलं वाजली. किसनराव आले होते. सोबत देवळाचे पंच शंकरराव आणि शेजारचे दोन गडी.

"सरका पोट्टेहो."

"बाबा, थोडं थांबा! थोडंच!"

"हे काय नवीन? कडूबा, निघ खाटेखालून!"

"नाही निघत!" कडूबा खालून ओरडला. एका गड्यानं त्याला तंगडीला धरून बाहेर ओढलं. मेहबूब दारात आडवा उभा राहिला, त्याला कुणीतरी हळूच बाजूला केलं. ना मारलं, ना रागावलं. नुसतं बाजूला केलं, जसं पाट बाजूला करावा तसं. द्वारकेला वाटलं, त्यापेक्षा दोन रट्टे दिले असते तर बरं झालं असतं.

"उचला."

चौघांनी खाटेचे चार पाय धरले. आबाजींनी डाव्या हातानं खिडकीचा गज पकडला. देवळाच्या खिडकीचा. किसनरावांनी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. सोडवताना त्यांचं तोंड दुसरीकडं होतं. विमलबाई आतून आल्या आणि पदराआड डोळे पुसत दाराशी थांबल्या. खाट जमिनीपासून उचलली गेली. एका बाजूला सरकली.

"अगं माय वं! रगत!" विमलबाई किंचाळल्या.

फरशीच्या सांध्यातून लाल रेघ वर येत होती. एक, मग दुसरी. मग हलणाऱ्या फरशीच्या चारही कडांनी लालभडक पाणी उमटलं!

गड्यांनी घाबरून खाट खाली ठेवली. किसनराव पांढरेफटक पडले. "बाबा! कुठं लागलं? बाबा!" ते आबाजींचे पाय चाचपू लागले.

"रगत नोहे! रंग हाये, रंग!" कडूबा नाचत ओरडला. "आम्ही कूलरमंधी टाकला! अन् आला पाहा इथं! उडी न मारता!"

"काय केलं?" किसनराव गर्रकन वळले. "माह्या कूलरमंधी रंग टाकला?" त्यांचा हात वर गेला.

तो हात खाली आलाच नाही. त्यांचा सदरा मागून कुणीतरी धरला होता. आबाजींची डावी मूठ! जोर काहीच नव्हता तिच्यात, पण किसनराव जागच्या जागी थिजले.

"किसन," शंकरराव शांतपणे म्हणाले. "लेकरायचं ऐकून घे आधी."

मग द्वारकेनं सगळं सांगितलं. कोरडी वाकळ, वाळ्याचा वास, आबाजींची बोटं, भिंतीतली टपटप, सुकलेली नळी. बोलताना ती एकदाही रडली नाही.

"पण नळी तुंबली कायनं?" शंकररावांनी विचारलं.

मेहबूबनं रंगासोबतच सायकलीच्या चाकाचा जुना आरा आणला होता. तबकाच्या भोकात घालून त्यानं गोल फिरवला आणि ओढला. काहीतरी लिबलिबीत बाहेर आलं. झेंडूच्या सडलेल्या पाकळ्या. फुगलेले तांदळाचे दाणे, कुंकवानं लाल झालेले. नारळाची शेंडी. फळकन आवाज झाला आणि बाहेर वाफ्यात नळीतून पाण्याची धार लागली.

सगळे त्या गोळ्याकडं पाहत राहिले. मग एकेकाची नजर किसनरावांकडं वळली.

रोज सकाळी अंघोळ झाली, की देवांची पूजा आटोपून किसनराव कूलरला हळदकुंकू लावत, अक्षता वाहत आणि पन्हळीच्या काठावर झेंडूची फुलं ठेवत. आणला त्या दिवशी तर नारळही फोडला होता. घरात आलेली नवी वस्तू म्हणजे लक्ष्मी! दसऱ्याला नांगराची करतात तशी, पण ही पूजा रोजची. भक्तीनं, मनापासून. आणि वर बादली ओतली की तीच फुलं, त्याच अक्षता वाहून खाली जात.

"म्हणजे मीच..." किसनराव म्हणाले. ते तिथंच ओल्या फरशीवर खाली बसले. धोतराला लाल रंग लागला, त्याचंही भान त्यांना राहिलं नाही. "बाबा, मी तुमच्यावर आळ घेतला. तुमच्यावर! मले काही तरी बोला, बाबा."

आबाजी काय बोलणार? त्यांचे ओठ हलले, "अ..." एवढाच आवाज आला. क्षमा केली म्हणाले, की नुसतंच लेकाचं नाव घेऊ पाहिलं, देव जाणे. मूठ मात्र त्यांनी सोडली नाही.

"फुलं देवाचीच असतात गा," शंकरराव हळूच म्हणाले. "पण रोज बापाच्या उशाशी दोन क्षण बसला असता, तर त्यायची बोटं तुले बी ऐकू आली असती." मग ते पोरांकडं वळले. "अन् हे पोट्टे! मी पंच म्हणून मिरवतो, पण खाटेचा एक पाय मी बी धरला होता. आम्हा चौघायच्या हातून पाप घडत होतं. तुम्ही वाचवलं आम्हाले."

"माह्या तंगडीले ज्यानं ओढलं, त्यानं बी सांगावं!" कडूबा म्हणाला. तो गडी लाजून हसला आणि त्यानं कडूबाच्या पाठीवर थाप मारली. ती जरा जास्तच जोरात बसली.

तरी अडचण संपली नव्हती. फरशी उखडून खालची वाळू वाळवायला हवी होती. तोवर खोली रिकामी करावीच लागणार! द्वारकेचं तोंड पुन्हा उतरलं. एवढं करून शेवटी आबाजी कडब्याच्या खोलीतच?

"खाट उचला," किसनराव एकदम उठून म्हणाले.

"बाबा!"

"देवळात, द्वारके. सभामंडपात. मी राहतो त्यायच्यापाशी."

ऊन कलल्यावर खाट निघाली. पुढचे दोन पाय किसनराव आणि शंकररावांनी धरले, मागचे गड्यांनी, आणि मध्ये मध्ये पोरांचे हात. मंडपात टाळ सुरू झाले होते. पाहुणे बुवा पूर्वरंगात होते. खाट आत येताना दिसताच ते बोलता बोलता थांबले. वीणा शेजारच्या टाळकऱ्याच्या गळ्यात घालून ते खाली उतरले, जानरावबुवांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि काय घडलं ते शंकररावांकडून ऐकून घेतलं.

मध्यंतरात बुवांना हार घालायची रीत असते. शंकरराव हार घेऊन उठले, तेव्हा बुवांनी तो हातातच घेतला आणि आबाजींच्या छातीवर ठेवला. मग ते मंडळींना म्हणाले, "मंडळी, आम्ही लोकांना ऐकवायला हिंडतो. आज या गावच्या तीन लेकरांनी ऐकलं. मुक्या माणसाचं ऐकलं! यापरतं कीर्तन मला येत नाही." त्यांनी तिघांना पुढं बोलावलं. मेहबूब ओट्यावर बसलेल्या अब्बांकडं पाहू लागला. रहेमतुल्लाभाईंनी मानेनंच जा म्हटलं. बुवांनी तिघांच्याही हातांवर मूठ मूठ खडीसाखर ठेवली आणि बायांच्या बाजूनं, पुरुषांच्या बाजूनं टाळ्या उठल्या. किसनरावांनी द्वारकेच्या डोक्यावर हात ठेवला. 

मृदंग पुन्हा वाजू लागला. बुवांनी 'विठ्ठल विठ्ठल' सुरू केलं आणि सारा मंडप म्हणू लागला. द्वारका खाटेला टेकून बसली होती. तिनं पाहिलं, आबाजींचे ओठ उघडत होते, मिटत होते. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. आवाज येत नव्हता. यावर मात्र ना पक्का रंग चालत होता, ना सायकलीचा आरा. कुणाच्याच हाती काही नव्हतं.

तिनं आबाजींचा डावा हात आपल्या हातात घेतला. बोटं तिच्या तळव्यावर चालू झाली. अचूक, कुठंही न मोडता. त्या तालावर द्वारकेनं तोंड उघडलं आणि होता नव्हता तेवढा आवाज लावून ती गाऊ लागली.